एलबीएल फिल्म पहिल्यांदाच करताय? काच, दोन बाटल्या आणि भरपूर पाणी

थिन फिल्म म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर व्हॅक्यूम चेंबर, स्पटरिंग, लाखोंची मशीन असलंच काहीतरी येतं आणि ज्या कॉलेजात साधा पंप पण धड चालत नाही तिथली पोरं आधीच हात टेकतात. लेयर बाय लेयर, म्हणजे सगळे ज्याला एलबीएल म्हणतात, त्याला यातलं काहीच लागत नाही. काच प्लस चार्जवाल्या पॉलिमरच्या पाण्यात बुडवायची, धुवायची, मग मायनस चार्जवाल्या पॉलिमरमधे बुडवायची, परत धुवायची, झाली एक जोडी म्हणजे बायलेयर. हेच पुन्हा पुन्हा करत राहायचं आणि फिल्म नॅनोमीटर नॅनोमीटरने जाड होत जाते. ऐकायला इतकं सोपं आहे की लोक निष्काळजी होतात आणि मग फिल्म डागाळते, ढगाळ होते, सोलून येते. माझं स्पष्ट मत आहे की यातली निम्म्याहून जास्त खराबी धुण्यात होते, बुडवण्यात नाही, त्यामुळे खाली धुण्यावर जरा जास्तच बोललोय, कंटाळा आला तरी वाचा.

आधी हे चिकटतं कसं ते

ही कल्पना जुनी आहे. ड्यूपॉन्टमधे राल्फ आयलर यांनी 1966 मधेच सिलिका आणि ॲल्युमिनाचे बारीक कण असेच आलटून पालटून काचेवर बसवून दाखवले होते पण तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत माइंत्सला गेरो डेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिमर वापरून हे पद्धतशीर केलं आणि मग सगळीकडे लाट आली.

साध्या पाण्यात काचेचा पृष्ठभाग मायनस असतो, कारण सिलॅनॉल ग्रुपमधले प्रोटॉन निघून जातात. त्यावर प्लस पॉलिमर येऊन बसतो. गंमत अशी की तो काचेचा चार्ज फक्त शून्यावर आणून थांबत नाही, थोडा जास्तच बसतो आणि पृष्ठभाग चक्क प्लस होऊन जातो, आणि मग तोच आणखी येणाऱ्या प्लस साखळ्यांना ढकलतो म्हणून भर आपोआप थांबते. आता मायनस पॉलिमर दाखवा, तो पण असाच उलटा करून थांबतो. म्हणून अर्धा तास जास्त ठेवलं म्हणून दुप्पट जाड थर बसणार नाही, ते डोक्यातून काढून टाका.

दुसरा गैरसमज म्हणजे थर एकमेकांवर पत्त्यांच्या कॅटसारखे सुटे सुटे असतात. तसं नसतं, साखळ्या शेजारच्या थरांत चांगल्या घुसलेल्या असतात, न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमेट्रीने हे दाखवलेलं आहे. आणि चिकटवणारी ताकद म्हणजे नुसतं प्लस मायनसचं आकर्षण नाही, दोन्ही साखळ्यांना धरून बसलेले छोटे आयन (सोडियम, क्लोराइड) मोकळे होऊन पाण्यात जातात आणि त्यातून एन्ट्रॉपी वाढते, मोठा हात तिचा असतो. हे लक्षात ठेवा कारण पुढे मीठ टाकल्यावर जाडी का बदलते ते यावरूनच कळतं.

आणि हो, आपल्याकडच्या पोरांचा एक हमखास गोंधळ: सिलार म्हणजेच एलबीएल का? नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या लोकांच्या लॅबमधे सिलारवर भरपूर काम झालंय त्यामुळे महाराष्ट्रात थिन फिल्म शिकणारा बीकर बीकरचा खेळ बघितला की सिलार म्हणतो. निकोलाऊ यांनी 1985 मधे मांडलेल्या त्या पद्धतीत पण बुडवा-धुवा-बुडवा-धुवा असंच आहे, पण तिथे साधे आयन असतात, म्हणजे आधी कॅडमियम चिकटतो मग सल्फाइड येऊन तिथल्या तिथे रिअ‍ॅक्शन होऊन कॅडमियम सल्फाइड तयार होतं. एलबीएलमधे नवीन पदार्थ तयार होत नाही, आधीच तयार असलेल्या साखळ्या किंवा नॅनोकण आपण नुसते रचतो. हाताची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच लागते, सिलार केलेलं असेल तर तुम्ही अर्धे पास आहात.

काय काय आणायचं

पहिल्या फिल्मसाठी डोळे झाकून एकच जोडी घ्या: पीडॅडमॅक (पॉलीडायॲलिलडायमिथाइलअमोनियम क्लोराइड, हा प्लस) आणि पीएसएस (पॉलीस्टायरीन सल्फोनेटचं सोडियम सॉल्ट, हा मायनस). पीडॅडमॅक बहुतेक वेळा 20 टक्क्यांचं पाण्यातलं घट्ट द्रावण म्हणून मिळतं, मधासारखं ओघळतं, पीएसएस पावडर मिळते. हे दोघंही स्ट्राँग पॉलीइलेक्ट्रोलाइट आहेत म्हणजे पीएच थोडा इकडे तिकडे झाला तरी त्यांचा चार्ज बदलत नाही. पेपर वाचून लोक एकदम पीएएच (पॉलीॲलिलअमाइन हायड्रोक्लोराइड) आणि पीएए (पॉलीॲक्रिलिक ॲसिड) वर उडी मारतात, कारण त्यात पीएच बदलून भारी भारी गोष्टी करता येतात, पण नवीन माणसाला तेच नडतं, पीएच अर्ध्याने सरकला की जाडी कुठच्या कुठे जाते आणि मग आपलं काय चुकलं ते कळत नाही. ते नंतर.

भांडी म्हणून कॉप्लिन जार घ्या. पॅथॉलॉजी लॅबमधे स्लाइड रंगवायला उभ्या खाचांची जी छोटी बरणी असते तीच. 50 मिली द्रावणात काम होतं, स्लाइड उभी राहते, एकमेकींना चिकटत नाही. आठ जार लागतील, दोन पॉलिमरचे आणि प्रत्येकाच्या मागे धुण्याचे तीन तीन. जारवर मार्करने मोठ्ठं प्लस आणि मायनस लिहा, आत्ता हसाल पण सहाव्या जोडीला लिहिलेलं कामी येतं.

पाणी डीआय (डीआयोनाइज्ड, म्हणजे आयन काढलेलं), शक्यतो 18.2 मेगाओहमवालं. घरच्या आरओचं पाणी चालणार नाही, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम उरतं आणि असे दोन चार्जचे आयन पीएसएसला वेगळंच वागायला लावतात. मीठ लॅब ग्रेडचं सोडियम क्लोराइड, स्वयंपाकघरातलं आयोडीनवालं नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून टाकलेलं काय काय असतं.

साध्या काचेच्या स्लाइडबरोबर सिलिकॉन वेफरचा नखाएवढा तुकडा प्रत्येक वेळी सोबत बुडवा. हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला समजा, का ते खाली येतंय.

द्रावणं

दोन्ही पॉलिमर 10 मिलीमोलर, पण हा हिशोब अख्ख्या साखळीवर नाही, साखळीतल्या एका युनिटवर करायचा असतो. 250 मिलीसाठी पीएसएस 0.515 ग्रॅम. पीडॅडमॅक कोरडं 0.404 ग्रॅम हवं, म्हणजे 20 टक्क्यांच्या बाटलीतलं साधारण 2.02 ग्रॅम. ते घट्ट असतं म्हणून पिपेटने मोजायच्या भानगडीत पडू नका, बीकर वजनकाट्यावर ठेवून थेंब थेंब टाका. दोन्हीत 7.3 ग्रॅम मीठ, म्हणजे 0.5 मोलर. आधी पॉलिमर पाण्यात नीट विरघळू द्या, मॅग्नेटिक स्टररवर सावकाश, मग मीठ.

मिठाचं काम असं की त्याशिवाय साखळीतले सारखे चार्ज एकमेकांना ढकलून साखळी ताणलेली राहते आणि सपाट झोपते, थर अगदी पातळ बसतो. मीठ टाकलं की ते चार्ज झाकले जातात, साखळी गुंडाळी होऊन बसते, थर जाड. मिठाशिवाय दहा जोड्या केल्या तर जेमतेम काही नॅनोमीटर होतात आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून नवीन माणसाने मीठ टाकूनच सुरू करावं, निदान काहीतरी दिसेल तरी. पण जास्त म्हणजे जास्तच चांगलं असं नाही, मीठ फारच वाढवलं तर साखळ्यांची आपसातली पकडच सुटते आणि बसलेली फिल्म सैल होते.

काच धुणं (पहिलं धुणं)

पेपरमधे बऱ्याचदा पिरान्हा लिहिलेलं असतं, सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. नवीन माणसाने एकट्याने अजिबात करू नका. ॲसिटोनचा, आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) एक थेंब जरी चुकून त्यात गेला तरी स्फोट होऊ शकतो, आणि उरलेलं झाकण लावून ठेवलं तर गॅस साचून बाटली फुटते. गरज नाही त्याची. लॅबचं डिटर्जंट आणि सोनिकेटरमधे 15 मिनिटं, भरपूर डीआय, मग आयपीएमधे 10 मिनिटं, परत डीआय, आणि यूव्ही-ओझोन किंवा एअर प्लाझ्मा असेल तर त्यात काही मिनिटं. हे दोन्ही नसेल तर फ्यूम हूडमधे पाणी, 30 टक्के पेरॉक्साइड आणि अमोनिया 5:1:1 असं मिश्रण 70 अंशांवर 10-15 मिनिटं, गॉगल आणि हातमोजे घालून, आणि स्लाइडवर आयपीएचा मागमूस नको.

काच स्वच्छ झाली का ते बघायला मशीन लागत नाही. पाण्यातून सरळ वर काढा आणि तिरकी धरून बघा, पाण्याचा अखंड पापुद्रा सरकत खाली यायला हवा. मधेच फाटला, थेंब जमले, एखादं कोरडं बेट दिसलं तर तिथे तेलकटपणा आहे, परत धुवा. अशा काचेवर पुढे चार तास घालवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. स्वच्छ झालेली काच बोटाने धरायची नाही, चिमट्यानेच, आणि लगेच वापरायची, दुसऱ्या दिवसासाठी ठेवली की हवेतलं काहीबाही बसतंच.

मुख्य चक्कर

पीडॅडमॅक 10 मिनिटं. मग पहिल्या पाण्यात 1 मिनिट, दुसऱ्यात 1, तिसऱ्यात 1. पीएसएस 10 मिनिटं. त्याच्या तीन पाण्यांत 1-1 मिनिट. एक जोडी 26 मिनिटांची झाली, दहा जोड्या म्हणजे 4 तास 20 मिनिटं, डबा खाऊन बसा. खरं तर बहुतेक पॉलिमर पहिल्या काही मिनिटांतच बसून जातो, त्यामुळे हात बसल्यावर 5 मिनिटं केलं तरी चालतं, पण एकदा ठरवलेली वेळ एका फिल्ममधे बदलायची नाही.

आता धुणं. काच पीडॅडमॅकमधून काढली की तिच्यावर दोन गोष्टी असतात, नीट चिकटलेला थर आणि त्यावर नुसतंच पाण्याबरोबर आलेलं सुटं पॉलिमर. हे सुटं तसंच पीएसएसच्या जारमधे गेलं तर तिथे प्लस मायनस एकत्र येऊन गुठळ्या होतात, आधी द्रावण दुधाळ दिसायला लागतं, मग तेच कण काचेवर बसून फिल्म ढगाळ. म्हणून:

- बाहेर काढताना स्लाइडचा खालचा कोपरा जारच्या काठाला टेकवून निथळू द्या, झटकू नका.
- पाण्यात नुसती ठेवून देऊ नका, हळूच वर खाली करत राहा.
- प्लसनंतरचं पाणी आणि मायनसनंतरचं पाणी कधीही एक नाही. जार वेगळे, चिमटा पण मधे धुवायचा, चिमट्याच्या टोकात अडकलेला थेंबच सगळ्यात जास्त घाण करतो आणि तोच कोणाच्या लक्षात येत नाही.
- पहिलं पाणी दर दोन जोड्यांनी फेका. दुसरं पुढे सरकवून पहिलं करा, तिसरं दुसरं, आणि तिसऱ्यात नवं. पाण्याची बचत पण होते.

पॉलिमरचं द्रावण जरा जरी धुरकट दिसलं, जारच्या मागे छापील कागद धरून अक्षरं अंधूक दिसली, तर ओतून टाका. गाळून वापरू का असं विचारणारे असतात, नका वापरू.

दर थराला नायट्रोजनने वाळवायचं की नाही यावर लॅबोलॅबी भांडणं आहेत. वाळवलं तर वाढ थोडी वेगळी होते आणि थेंबांचे डाग पडायची भीती असते. पहिल्यांदा करताना वाळवू नका, फक्त शेवटी वाळवा, आणि मधेच जेवायला जायचं असेल तर काच शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सोडा, हवेत उघडी नको.

झालं का काही? कसं कळणार?

इथे सगळे फसतात. पीएसएस 225 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो म्हणून पेपरमधे दर थरागणिक वर चढणारे सुंदर यूव्ही ग्राफ असतात, ते बघून पोरं आपली साधी स्लाइड घेऊन यूव्ही-व्हिजिबलवर जातात आणि त्यांना नुसती भिंत दिसते. साधी काच 300 च्या खालचं जवळजवळ सगळंच खाते. त्याला क्वार्ट्झ लागतं, आणि ते महाग असतं.

म्हणून तो सिलिकॉनचा तुकडा. त्यावर पण नैसर्गिक ऑक्साइडचा थर असतो त्यामुळे तोही मायनस, फिल्म काचेसारखीच बसते, पण सिलिकॉन आरशासारखं असल्यामुळे इंटरफेरन्सने रंग दिसतात. मुळातला राखाडी तुकडा फिल्म पन्नासेक नॅनोमीटरला गेली की बदामी-तपकिरी व्हायला लागतो, शंभरच्या आसपास जांभळा, त्याच्या थोडं पुढे निळा. अर्ध्या मोलर मिठात दहा-बारा जोड्या झाल्यावर रंग बदललेला दिसायलाच हवा, नाही दिसला तर कुठेतरी गडबड आहे. खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा, रंग सगळीकडे एकसारखा असेल तर फिल्म एकसारखी, कडेला इंद्रधनुष्य असेल तर तिथे पाणी साचून वाळलंय. एलिप्सोमीटर (प्रकाशाने फिल्मची जाडी मोजायचं यंत्र) कोणाच्या लॅबमधे असेल तर नंतर तोच तुकडा घेऊन जा, आकडा मिळेल.

यातली माझी सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे एकाच लांब तुकड्यावर पायऱ्या करणं. तुकडा जारमधे उभा, सुरुवातीला दोन्ही पॉलिमरचे जार पूर्ण भरलेले. चार जोड्या झाल्या की दोन्ही पॉलिमर जारमधून पिपेटने पातळी दीड सेंटिमीटर कमी करा, धुण्याचे जार मात्र भरलेलेच ठेवा म्हणजे रेघेवर मीठ वाळत नाही. आणखी चार जोड्या, पुन्हा पातळी कमी, असं करत शेवटी एकाच तुकड्यावर वरून खाली 4, 8, 12, 16 जोड्यांचे पट्टे मिळतात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. एका नजरेत कळतं की तुमची फिल्म वाढतेय का, आणि कुठे अडकली. सुरुवातीचे थर तसेही नीट बसत नाहीत, काचेवर बेटं बेटं असतात आणि मग हळूहळू भरून निघतात, त्यामुळे पहिल्या पट्ट्यावर फार विसंबू नका.

अजून एक स्वस्तातली परीक्षा, मिथिलीन ब्लू. हा डाय प्लस असतो. अगदी फिकं पाणी करून फिल्म त्यात मिनिटभर बुडवा आणि धुवा, वरचा थर पीएसएस असेल तर फिल्म चांगली निळी धरते, वर पीडॅडमॅक असेल तर खूपच फिकी राहते. ही स्लाइड मग बाद समजा, डाय आत घुसतो.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधे जाडी मोजणार असाल तर खोलीतली आर्द्रता वहीत लिहून ठेवा. या फिल्म हवेतलं पाणी पिऊन फुगतात, त्यामुळे मे महिन्यात मोजलेला आणि पावसात मोजलेला आकडा जुळला नाही तर पद्धत चुकली असं समजून रडत बसू नका.

आता नॅनोकण

पॉलिमर-पॉलिमर जमलं की पीएसएसच्या जागी सिलिकाचे नॅनोकण टाका, बाकी सगळं तेच. लुडॉक्स टीएम-40 म्हणजे 22 नॅनोमीटरच्या आसपासचे कण, 40 टक्के, पीएच 9 च्या जवळ, आणि तिथे ते मायनस असतात. 250 मिलीला 0.625 ग्रॅम टाकलं की 0.1 टक्का झालं. इथे सुरुवातीला दोन्ही द्रावणांत मीठ नको, कण एकमेकांना चिकटतात. लुडॉक्सची बाटली फ्रीजरमधे कोणी ठेवली तर संपलं, गोठून जेल होतं आणि ते परत येत नाही, आमच्याकडे म्हणून बाटलीवर लाल अक्षरात लिहिलंय.

हे करायचं कारण म्हणजे निकाल थेट डोळ्याला दिसतो. काचेच्या प्रत्येक बाजूने साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो, दोन्ही मिळून 8. सिलिकाच्या कणांमधे हवा राहते त्यामुळे फिल्मचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स काचेपेक्षा बराच कमी, 1.25 धरा, आणि जाडी तरंगलांबीच्या पाव भागाएवढी केली, म्हणजे 550 नॅनोमीटरच्या हिरव्यासाठी 550 भागिले (4 गुणिले 1.25), बरोबर 110 नॅनोमीटर, की परत येणारा प्रकाश एकमेकांना मारतो. बुडवल्यामुळे फिल्म दोन्ही बाजूंना बसतेच, तो फायदाच. किती जोड्या लागतील ते तुमच्या कणांवर आणि धुण्यावर ठरतं म्हणून इथे पायऱ्यांची युक्ती काचेवर करा, मागच्या बाजूची फिल्म पुसून तिथे काळी चिकटपट्टी लावा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ज्या पट्ट्यात ट्यूब सगळ्यात मंद आणि जांभळट दिसते तो तुमचा आकडा. त्याच काचेवर तोंडाने वाफ सोडली तर बाजूची साधी काच धुकट होते आणि फिल्मवाला भाग पारदर्शक राहतो, पाणी थेंब न होता पसरतं म्हणून.

फक्त ही फिल्म नाजूक असते, बोट फिरवलं की खडूसारखी निघते. भट्टी असेल तर 450 ते 500 अंशांवर काही तास ठेवा, पॉलिमर जळून जातो आणि कण एकमेकांना थोडे धरतात. साधी स्लाइड त्याच्या वर नेऊ नका, वाकू शकते, आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ द्या.

सिट्रेटवाले सोन्याचे नॅनोकण पण मायनसच, तेही पीडॅडमॅकवर छान बसतात आणि स्लाइड गुलाबी होते. तिथे मीठ अजिबात नाही, आधीच्या जारमधून आलेलं सुद्धा नाही, लाल द्रावण निळं-जांभळं झालं की कण एकत्र आले असं समजा. मातीच्या पातळ पापुद्र्यांची, मॉन्टमोरिलोनाइटची फिल्म करायची असेल तरी रीत हीच, निकोलस कोटोव यांच्या गटाने 2003 मधे पीडॅडमॅक आणि हीच माती घेऊन शिंपल्याच्या आतल्या थरासारखं मटेरियल बनवलं होतं, पण शेकडो थर हाताने कोणी करत नाही, त्याला डिपिंग रोबो लागतो. घाई असेल तर स्प्रे पण आहे, दहा मिनिटांचं काम काही सेकंदांत होतं, फक्त धुण्याचा स्प्रे कंजूषपणे मारला की तीच ढगाळ फिल्म.

आवरताना

उरलेलं पीडॅडमॅक सिंकमधे ओतू नका. पाणी शुद्ध करायच्या प्लांटमधे ते वापरतात हे खरं, पण मोकळं पीडॅडमॅक माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. उरलेलं पीडॅडमॅक आणि पीएसएस एकाच बीकरमधे मिसळा, पांढरा साका बसेल, तो लॅबच्या केमिकल कचऱ्यात. जार लगेच धुवा, वाळलेलं पीडॅडमॅक काचेला असं धरतं की पुढच्या वेळी त्यात पीएसएस ओतलं की जारच्याच भिंतीवर फिल्म सुरू होते.